बाणाला पिसं की वेन्स? घरी फ्लेचिंग करणाऱ्यांसाठी

घरी फ्लेचिंग, म्हणजे बाणाच्या शेपटीला पिसं किंवा वेन्स (पिसांऐवजी लावायची प्लास्टिकची पाती) चिकटवणं, करायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंग निवडायला बसतात, कुठला रंग टार्गेटवर लांबून उठून दिसेल वगैरे, आणि रंग महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न हा की तुमच्या धनुष्यावर बाण कशावर टेकतो. लाँगबोवर (साधं लांब लाकडी धनुष्य) तो थेट हाताच्या मुठीवर टेकतो, लाकडी रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) शेल्फवर, म्हणजे मुठीच्या वरच्या खाचेवर, मेटल रायझरवर (धनुष्याचा मधला, धरायचा भाग) बारीक तारेच्या रेस्टवर, म्हणजे बाण टेकवायच्या आधारावर, आणि कंपाउंडला (चाकांच्या धनुष्याला) बऱ्याचदा बाण सुटला की खाली पडणारा रेस्ट असतो. हे एकदा नक्की झालं की अर्धी निवड झालीच म्हणून समजा.

मुठीवरून किंवा शेल्फवरून मारत असाल तर खरी पिसंच लावा, इथे मी दुसरा पर्याय सांगणारच नाही. बाण सुटताना शेपटीकडचा भाग शेल्फला घासून जातो, पीस तिथे दबतं आणि पुढे गेल्यावर परत उभं राहतं, बाणाला फारसं कळतही नाही. प्लास्टिकची वेन दबत नाही, ती आपटते, शेपटी एका बाजूला फेकली जाते आणि मग माणूस आपला रिलीज, म्हणजे स्ट्रिंग सोडणं, चुकतोय म्हणून महिनाभर रिलीज सुधारत बसतो. तारेचा रेस्ट आणि प्लंजर (बाणाला बाजूने आधार देणारी स्प्रिंगची खुंटी) असेल तर वेन्स चालतात, खाली पडणाऱ्या रेस्टवर तर काहीही चालतं. ब्रशसारख्या केसांनी बाण चहूबाजूंनी धरून ठेवणारा रेस्ट असेल तर मात्र उलटं, तिथे पिसं दर शॉटला केसांतून जाऊन झिजतात, म्हणून कडक प्लास्टिकची वेन बरी.

दुसरा प्रश्न अंतराचा. बोटांनी स्ट्रिंग सोडली की बाण सरळ जात नाही, तो आधी वाकतो, रायझरला वळसा घालतो, उलट्या बाजूला वाकतो, आणि असा माशासारखा वळवळत काही मीटर गेल्यावर शांत होतो. फ्लेचिंगचं काम एवढंच की शेपटीला हवेचा अडथळा निर्माण करून ती टोकाच्या मागे ओळीत आणायची, आणि बाण गोल फिरवायचा म्हणजे शाफ्टमधला, बाणाच्या दांडीतला, बारीकसारीक वाकडेपणा एकाच बाजूला ओढत राहणार नाही. फ्लेचिंग जितकं मोठं तितकं हे काम लवकर होतं, पण तोच अडथळा पुढे सगळा वेळ स्पीड खातो आणि आडव्या वाऱ्यात बाणाला बाजूला ढकलतो.

म्हणून इनडोअरला, म्हणजे १८ मीटरवर, मोठी पिसं लावायला अजिबात घाबरू नका. वारा नाही, अंतर कमी, बाणाला शांत व्हायला वेळच कमी मिळतो, तिथे ३-४ इंची पीस फार छान काम करतं. शिवाय इनडोअरला लोक जाड शाफ्ट वापरतात, वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या नियमात शाफ्टची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते, आणि बाण रेषेला नुसता शिवला तरी वरचे मार्क मिळतात म्हणून जाड बाणाचा फायदा, आणि जाड बाणाला शेपटीही तेवढीच दमदार लागते. रिकर्व्हच्या ७० मीटरला सगळं उलट होतं. तिथे शाफ्ट बारीक, फ्लेचिंग लहान, साधारण पावणेदोन इंची, आणि वजन जेवढं कमी करता येईल तेवढं कमी. कंपाउंडवाले ५० मीटरला दोन इंचाच्या आसपासची छोटी कडक वेन लावतात आणि ते बरोबरच आहे, कारण रिलीज एडने (बोटांऐवजी स्ट्रिंग सोडणारं खटक्याचं साधन) सुटलेला बाण आडवा फारसा वळवळत नाही, त्याला सुधारायला कमी मेहनत पडते.

आता वस्तू हातात घेऊन बघू. खरी पिसं बहुतेक टर्कीच्या पंखांची असतात, कापून आकार दिलेली मिळतात, मागचं टोक गोलसर उतरलेलं असेल तर पॅराबोलिक आणि मागे टोकदार खाच असेल तर शिल्ड. उडण्यात दोघांत फरक म्हणाल तर आवाजाचा, शिल्ड जरा जास्त फरफरतं, बाकी आवडीचा प्रश्न. ४ इंची पीस साधारण ३ ग्रेनच्या (बाणाचं वजन मोजायचं छोटं एकक) आसपास भरतं, तेवढ्याच लांबीची प्लास्टिक वेन त्याच्या दुप्पट-तिप्पट. पिसाचा शत्रू पाणी. पावसात भिजलं की ते शाफ्टला चिकटून बसतं आणि बाण जवळजवळ बिनपिसाचा होतो, त्यावर पीस कोरडं ठेवणारी पावडर मिळते ती लावून थोडा वेळ निभतं. प्लास्टिकची वेन पावसाला भीत नाही, घट्ट बसली की महिनोन्महिने टिकते, नवशिक्यासाठी तारेच्या रेस्टवर मी तीच सांगेन. तिसरा प्रकार स्पिन विंग, पातळ फिल्मची वळलेली पन्हळीसारखी वेन, वजन नगण्य आणि बाण जोरात फिरवते, म्हणून ऑलिंपिक रिकर्व्हमध्ये ती सगळीकडे दिसते. पण ती नाजूक आहे, दुसरा बाण येऊन लागला की दुमडली, टार्गेटमधून आरपार गेली की संपली, म्हणजे दर सरावाला एक-दोन बदलायची तयारी हवी. ७० मीटरपर्यंत अजून पोहोचला नसाल तर घाई करू नका, आधी साध्या वेनवर हात बसू दे.

पिसं घेताना एक गोष्ट पक्की बघा, डाव्या पंखाची की उजव्या. पिसाला जन्मतःच एक वळण असतं, डाव्या पंखाचं एकीकडे आणि उजव्याचं दुसरीकडे, दोन शेजारी ठेवली की लगेच दिसतं. उजव्या पंखाची पिसं मागून बघितलं तर बाणाला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात, डावी उलट. दोन्ही तितकीच चांगली, डावखुऱ्याने डावीच लावली पाहिजेत असंही काही नाही, पण एका बाणावर दोन्ही मिसळली तर तो बाण कामातून गेला, आणि एका सेटमध्ये काही बाण डावे काही उजवे हेही नको. जिगचा (चिकटवताना बाण आणि पीस नेमक्या जागी धरणारं साधन) क्लॅम्प, म्हणजे पीस धरणारा चिमटा, वळणाचा असेल तर तोही पिसाच्याच बाजूचा लागतो, उजव्या पिसाला उजवा. क्लॅम्प सरळ असेल तर दोन्ही चालतात.

सरळ, तिरकं की वळवलेलं यावर लोक तासन्तास वाद घालतात. सरळ म्हणजे वेन शाफ्टच्या अगदी रेषेत, तिरकं म्हणजे एक ते तीन अंशांनी कललेली, वळवलेलं म्हणजे पीस शाफ्टभोवती किंचित मुरडलेलं. माझं स्पष्ट मत, प्लास्टिक वेनला एक-दोन अंशांचा तिरकसपणा द्या आणि विषय संपवा. पूर्ण सरळ लावून बाण फिरेल अशी आशा करू नका, आणि खूप मुरडलेली कडक वेन बारीक शाफ्टवर नीट बसतच नाही, मध्ये फट राहते नाहीतर टोकं उचलतात. लाकडी बाणाला ४-५ इंची पीस असेल तर वळणाचा क्लॅम्प जरूर वापरा, पीस मुरड घेतं आणि बाण लवकर शांत होतो. तीन की चार? तीन, १२० अंशांवर, त्यातलं एक वेगळ्या रंगाचं म्हणजे न बघता नॉक (बाणाच्या मागच्या टोकाचा खाचेचा तुकडा, त्यात स्ट्रिंग बसते) लावता येतो, रिकर्व्हला ते रायझरपासून बाहेरच्या बाजूला राहतं. चार लहान वेन्स कंपाउंडला काही जण लावतात, तेही चालतं, पण पहिल्यांदाच करत असाल तर तीनच.

वजनाचं मी मघाशी म्हटलं ते उगाच नाही. शेपटीला वाढलेला प्रत्येक ग्रेन बाणाचा तोल मागे नेतो. घरी मोजून बघा, बाण पट्टीच्या कडेवर आडवा ठेवून तोलबिंदू शोधायचा, नॉकच्या खाचेपासून तिथपर्यंतचं अंतर मोजायचं, त्यातून बाणाची अर्धी लांबी वजा करायची आणि उरलेल्याला पूर्ण लांबीने भागायचं. ७२ सेंटीमीटरचा बाण ४५ सेंटीमीटरवर तोलला तर ४५ वजा ३६ म्हणजे ९, भागिले ७२, म्हणजे साडेबारा टक्के. टार्गेटच्या बाणाला १० ते १५ टक्क्यांच्या मध्ये असलं की छान. हलक्या पॉइंटच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, बाणाला मोठ्या प्लास्टिक वेन्स लावल्या तर हा आकडा घसरताना दिसेल, आणि मग लांबवर बाण का डुलतोय ते वेगळं शोधावं लागणार नाही.

जिगशिवाय करू नका. हाताने तीन वेन्स बरोबर १२० अंशांवर आणि सारख्या तिरकस लावणारे लोक असतील, मी त्यातला नाही आणि तुम्हीही पहिल्या महिन्यात नसाल. एका क्लॅम्पची जिग हळू चालते पण अचूक आणि वर्षानुवर्षं टिकणारी, बिट्झेनबर्गर हे त्यातलं जुनं नाव. तीन हातांची जिग तिन्ही वेन्स एकदम चिकटवते, वेळ वाचतो, पण बरेचदा तिचा कोन ठरलेला असतो. वेळेचा हिशोब आधी करून घ्या, १२ बाण म्हणजे ३६ वेन्स, आणि पिसांचा हळू सुकणारा गोंद असेल तर एका पिसाला १० मिनिटं धरली तरी ६ तास, एका बैठकीत नाही होणार. सुपरग्लूच्या जातीचा झटपट गोंद असेल तर सव्वा-दीड तासात आटोपतं.

आता ज्या पायरीवर सगळ्यात जास्त जण फसतात ती, स्वच्छता. माझे पहिले स्वतः केलेले १२ बाण दिसायला इतके सुंदर होते की मी ते दोन दिवस नुसते हातात घेऊन फिरवत होतो, आणि सरावाला तिसऱ्याच एंडला (एका वेळी मारायच्या बाणांची फेरी) एक वेन सुटली, मग दुसरी, संध्याकाळपर्यंत सात बाण लंगडे. गोंदाला शिव्या देऊन झाल्यावर सुटलेली वेन उलटी करून बघितली तर गोंदाची पूर्ण रेघ वेनच्या पायाला चिकटलेली, आणि शाफ्ट आरशासारखा कोरा. म्हणजे गोंद बरोबर होता, शाफ्टने त्याला धरलंच नव्हतं, कारण स्पिरिटने पुसल्यावर मी प्रत्येक शाफ्ट बोटांत फिरवून बघितला होता आणि बोटांचं तेल पुन्हा लागलं होतं. ही खूण लक्षात ठेवा, गोंद वेनवर राहिला तर शाफ्ट अस्वच्छ, गोंद शाफ्टवर राहिला आणि वेनचा पाया कोरा तर वेन पुसायची राहिली.

तर शाफ्टचा मागचा १५ सेंटीमीटर भाग आधी अगदी बारीक सँडपेपरने किंवा घासणीने हलकेच खरखरीत करायचा, चमक जाण्यापुरता, कार्बनचे धागे उघडे पडतील इतका मुळीच नाही, आणि ती पूड श्वासात जाऊ नये म्हणून ओलं करून घासलेलं बरं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कोऱ्या टिश्यूवर घेऊन पुसायचं, टिश्यू बदलून परत पुसायचं, टिश्यू पांढराशुभ्र निघेपर्यंत. खात्री करायची असेल तर पाण्याचा एक थेंब सोडा, पाणी पातळ पसरलं तर शाफ्ट तयार, मण्यासारखं गोळा झालं तर अजून तेल आहे. पाणी वाळलं की परत एकदा अल्कोहोल, आणि त्यानंतर त्या भागाला हात लावायचा नाही, शाफ्ट पॉइंटकडूनच धरायचा. वेनचा पायाही एकदा पुसून घ्या, साच्यातून काढताना लागलेला तेलकटपणा त्यावर असतो. अॅसिटोन मात्र वेनजवळ नेऊ नका, कित्येक प्लास्टिक त्याने मऊ पडतं.

लाकडी बाण असेल तर प्रश्न वेगळा, तिथे गोंदाचं आणि वरच्या वार्निशचं जमलं पाहिजे. काही गोंद वार्निशला विरघळवतात आणि पीस सरकतं, काही त्याला धरतच नाहीत. वाया गेलेल्या लाकडाच्या तुकड्यावर तेच वार्निश लावून एक पीस चिकटवा, एक दिवस ठेवा आणि ओढून बघा. दोऱ्याने बांधायची पद्धतही मला फार आवडते, पिसाच्या पुढच्या टोकापासून बारीक दोरा गुंडाळत, सुईने पिसाचे तंतू बाजूला करत, दर अर्ध्या सेंटीमीटरला एक वेढा, असं शेवटपर्यंत जायचं. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात ५ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा जो माणूस सापडला, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्या भात्यात १४ बाण होते पण पूर्ण तयार फक्त दोनच, आणि त्या दोघांवर तीन-तीन अर्धी पिसं बर्च झाडाच्या डांबराने चिकटवून वरून बारीक दोऱ्याने गुंडाळलेली आहेत. म्हणजे चिकटवायचं आणि वर बांधायचं, तीन पिसं, तेच काम. मला दर वेळी दोरा गुंडाळताना त्या बाकीच्या १२ अर्धवट शाफ्टची आठवण येते, त्याचं काम बाकी होतं.

प्रत्यक्ष चिकटवताना असं. वेन क्लॅम्पमध्ये घालायची, क्लॅम्पवर आधीच एक खूण करून ठेवायची म्हणजे सगळ्या वेन्स एकाच जागी येतील. नॉकच्या खाचेपासून वेनचं मागचं टोक साधारण २५ ते ३२ मिलिमीटरवर ठेवा, बोटांनी ओढणाऱ्यांना एवढी जागा लागतेच, नाहीतर बोट वेनवर घासतं. नॉक जिगमध्ये पूर्ण आत बसलाय का दोनदा बघा, तो अर्धा मिलिमीटर वर राहिला तरी तो बाण बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो. गोंद वेनच्या पायावर केसासारखी एक बारीक रेघ, बास. क्लॅम्प सरळ खाली, हलका दाब, शाफ्टला पाया पूर्ण टेकलाय का पुढून-मागून वाकून बघायचं आणि मग हात काढायचा. जास्त गोंद म्हणजे जास्त घट्ट असं अजिबात होत नाही, तो बाजूला वाहतो, क्लॅम्पला चिकटतो, वजन वाढवतो आणि सुकायला उशीर लावतो. तिन्ही झाल्या की प्रत्येक वेनच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एक-एक छोटा थेंब, आणि तो थेंब विसरायचा नाही, वेन उचलायला सुरुवात टोकापासूनच होते. मुठीवरून मारणाऱ्यांसाठी तर हा पुढचा थेंब हाताच्या कातडीचा प्रश्न आहे, पिसाच्या दांडीचं टोक उघडं राहिलं तर ते सुटताना हात चिरत जातं, म्हणून ते आधी तासून उतरतं करा, थेंब द्या आणि वाळल्यावर अंगठा पुढून मागे फिरवून बघा, काहीही टोचता कामा नये. झटपट गोंदाचा वास डोळ्यांत जातो, खिडकी उघडी ठेवा.

स्पिन विंगला जिगचा क्लॅम्प लागत नाही, शाफ्टवर बारीक पेनाने तीन रेघा मारून घ्यायच्या, सोबत येणारी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, वर वेन बसवायची आणि पुढेमागे त्यांच्याच टेपचे वेढे. हातमोजे घाला, बोटाचा ठसा पट्टीवर आला की ती सैल होते.

स्पर्धेला जाणार असाल तर दोन नियम डोक्यात ठेवून सेट बनवा. एका एंडमध्ये वापरायच्या सगळ्या बाणांवर फ्लेचिंगची रचना, रंग आणि नॉक सारखे लागतात आणि शाफ्टवर तुमचं नाव किंवा आद्याक्षरं लागतात. फील्ड (रानातल्या वाटेवरची टार्गेटं) किंवा थ्रीडीमध्ये (प्राण्यांच्या आकाराची टार्गेटं) लाँगबो प्रकारात उतरणार असाल तर लाकडी बाण आणि खरी पिसंच. म्हणून एकाच रंगाची थोडी जास्त पिसं घेऊन ठेवा, तोच रंग पुढच्या वेळी तसाच मिळेल याची खात्री नसते.

१२ पैकी दोन शाफ्ट मात्र कोरे ठेवा, काहीही लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. फ्लेचिंग चुका झाकतं, कोरा शाफ्ट झाकत नाही. १८ मीटरवर आधी फ्लेच केलेले बाण मारा, मग तोच नेम धरून कोरे. कोरे ग्रुपच्या, म्हणजे फ्लेच केलेल्या बाणांच्या पुंजक्याच्या, वर गेले तर स्ट्रिंगवरचा नॉकिंग पॉइंट (नॉक अडकवायची जागा) थोडा वर घ्या, खाली गेले तर खाली. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे कोरे डावीकडे गेले तर शाफ्ट धनुष्याच्या मानाने कडक, उजवीकडे गेले तर मऊ. हे आधी जुळवा. हे न जुळवता मोठी पिसं लावली तर जवळून ग्रुप बरा येईल आणि अंतर वाढवलं की सगळं उघडं पडेल, आणि तोपर्यंत सगळी पिसं लावून झालेली असतील.

वेन कुठे घासतेय का हे बघायला टाल्कम पावडर पुरते, वेन्सवर आणि रेस्टवर हलकी थर द्या, एक बाण मारा आणि पावडर कुठे पुसली गेली ते बघा. बहुतेक वेळा नॉक किंचित फिरवला की वेनला वाट मिळते.

जुनी वेन काढताना कार्बनवर धारदार सुरी तिरकी धरून वर उचलू नका, धागे कापले जातात, बोथट पात्याने शाफ्टला समांतर सरकवत काढा, आणि आगीची धग तर कधीच देऊ नका. खाली रॅप (शाफ्टभोवती चिकटवलेला पातळ स्टिकर) असेल तर शेपटीचा भाग गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ धरला की रॅप सालीसारखा निघतो. आणि कार्बनचा प्रत्येक बाण परत मारण्याआधी दोन्ही टोकं धरून, स्वतःपासून लांब, हलका वाकवा, थोडा फिरवून परत वाकवा, कान देऊन ऐका. करकर आली, चीर दिसली किंवा बोटाला कुसळ लागलं तर त्या शाफ्टवर नवीन वेन लावायची नाही, तो मोडून टाकायचा म्हणजे चुकून कुणी मारणार नाही.

बाकीच्यांवर मार्करने नंबर टाका, १ ते १०, आणि पुढच्या पाच-सहा सरावांत कुठला नंबर ग्रुपच्या बाहेर जातोय ते वहीत लिहा. एकच नंबर सारखा बाहेर जात असेल तर आधी त्याचा नॉक बदला, मग नॉक एक वेन पुढे फिरवून मारा, तरी जात असेल तर त्याच्या तिन्ही वेन्स उतरवून पहिल्यापासून लावा.